न हलणारा प्रवाह

धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत एक पत्र्याची शेड आहे. तिथे दिपमाला ज्या टेबलाशी बसते, त्याच्या डोक्यावर पंखा नाही. मे महिन्यात पत्रा तापून तडतडायला लागतो, बाकीच्या पोरी ओढणीने वारा घेत बसतात, पण हिच्या टेबलाजवळ साधा टेबलफॅनसुद्धा कोणी आणत नाही. पंख्याच्या मोटारीत चुंबकत्व असतं आणि ते तिच्या सेन्सरांना झोंबतं. कामावर येताना दिपमाला केसांना पिन लावत नाही, ओढणीला टाचणी लावत नाही, पायात रबरी चप्पल घालते. शेडमधल्या पोरींनी तिचं नाव ‘बिनटाचणीची बाई’ असं ठेवलंय. लग्नात मंगळसूत्र तरी घालशील, का तेही तुझ्या सेन्सरला चालत नाही, असं एकीनं विचारलं, तेव्हा ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली होती, सोनं चालतं.

या शेडमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरांना वीज पुरवणारे डबे बनतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या सेन्सरची गंमत अशी, की तो नखाएवढा तुकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याच्यातून वीजप्रवाह सोडावा लागतो. बाहेरचं चुंबकत्व बदललं की तुकड्याचा विरोध बदलतो, आणि तो फरक व्होल्टेजमध्ये उमटतो. आता सोडलेला प्रवाहच जर जरासा कमीजास्त झाला, तर तोही फरक तसाच उमटतो. सेन्सर शपथेवर सांगतो की जमिनीत काहीतरी आहे, आणि जमिनीत काही नसतं. म्हणून प्रवाह असा लागतो की ऊन वाढो, बॅटरी उतरो, सेन्सर तापो, तो जागचा हलता कामा नये. दिपमालाचं काम तेच. नवा डबा भट्टीत ठेवायचा, धुळ्याच्या उन्हापेक्षा जास्त तापवायचा, मग गार करायचा आणि मीटरवरच्या शेवटच्या आकड्यावर नजर ठेवून बसायचं. शेवटचा आकडा फडफडला की डबा परत.

शेडचे मालक रोनकभाऊ. त्यांच्या आजोबांचं आग्रा रोडला वायर आणि स्विचचं दुकान होतं, अजूनही आहे. नातू पुण्याला शिकून आला आणि त्यानं दुकानात बसण्याऐवजी ही शेड टाकली. डबे जास्त करून घेतात ते पाणी शोधणारे लोक. साक्रीपासून शिरपूरपर्यंत जमिनीखाली काळ्या खडकाच्या उभ्या भिंती गेल्या आहेत, त्यांच्या कडेनं पाणी सापडतं, आणि त्या भिंतींना स्वतःचं चुंबकत्व असतं. वरून सेन्सर फिरवला की खालची भिंत कळते.

नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात दिपमाला एकदा फार घाबरली होती. दुपार चढत आली की टेबलावरच्या सगळ्या सेन्सरांचे आकडे मिळून एकाच दिशेनं सरकायचे आणि ऊन कललं की गुपचूप परत यायचे. तिला वाटलं, आपला प्रवाह हलतोय. तिनं सुटे भाग बदलले, पुन्हा जोड दिले, रात्री झोप लागेना. शेवटी रोनकभाऊंपुढे जाऊन उभी राहिली, की माझ्या हातात दोष आहे. त्यांनी मीटर लावून प्रवाह पाहिला आणि हसले.

“ताई, तुमचा प्रवाह नाही हलला. पृथ्वी हलली.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. सूर्य डोक्यावर आला की खूप वर, विरळ हवेत, विजेचे प्रवाह वाहायला लागतात आणि त्यांच्यामुळे सगळ्या जमिनीचं चुंबकत्व रोज दुपारी थोडं सरकतं. सगळीकडे. आपल्या घरातसुद्धा. कोणाला काही जाणवत नाही इतकंच. दिपमालानं मान डोलावली, पण त्या दिवसापासून तिला दुपार रिकामी वाटेनाशी झाली. शेडबाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि आत टेबलावर आकडे हळूहळू चालत असायचे.

तिच्या गावाला हे सांगायची गरज नव्हती. सोनगीरच्या अलीकडे महामार्ग सोडून आत गेलं की तिचं गाव, आणि तिथली माणसं रात्रीला जेवढी भीत नाहीत तेवढी भर दुपारला भितात. विशेषतः निंबाकाकांच्या शेतातल्या बुजवलेल्या विहिरीपाशी.

निंबाकाका म्हणजे दिपमालाच्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील पंडित. पंडित मोटारी भरायचा. शेतातली पाण्याची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचा. आसपासच्या गावांत त्याचा हात नावाजलेला होता. दिपमाला सहावीत असताना एके दिवशी दुपारी तो जेवला, मोटारसायकल काढली आणि गेला. ना तो परत आला, ना मोटारसायकल. पोलिसांत तक्रार झाली, माणसं पाठवली गेली. दोन वर्षांनी कोणीतरी म्हणालं, सुरतेत दिसला, चहा पीत उभा होता, हाक मारली तर गर्दीत शिरला. आपल्याकडे माणूस हरवला की तो सुरतलाच दिसतो, त्यामुळे यावर कोणी फार विसंबलं नाही. दुसरी बातमी गावातच होती. निंबाकाकांच्या शेतात जुनी विहीर होती, गाळानं निम्मीअधिक भरलेली, वर हिरवं पाणी. कठडा कधीच ढासळला होता, आणि पायवाट अगदी काठावरून जायची. पंडित गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या विहिरीत वासरू पडून मेलं, म्हणून काकांनी शेतातले काळे दगड आणि मुरूम टाकून ती बुजवून टाकली. बुजवल्यावर लोक बोलायला लागले. बैल त्या जागेवर पाय ठेवत नाहीत. दर पावसाळ्यात तिथली माती थोडी खाली बसते, जणू आतून कोणी ओढून घेतंय. आणि भर दुपारी, वारा पडलेला असताना, तिथे कोणी मोटारसायकलला किक मारल्यासारखा आवाज येतो. किक मारतो, पण गाडी सुरू होत नाही.

दिपमालाची आई भिकुबाई यातलं काही ऐकून घ्यायची नाही आणि विसरायचीही नाही. ती कपाळभर कुंकू लावून दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायची. पोरीला तिनं धुळ्याला ठेवून पॉलिटेक्निकची पदविका करायला लावली. तिची अडचण वर्षातून एकदाच उभी राहायची, आखाजीला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात पितरांचा दिवस. मातीची नवी घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर छोटा लोटा, लोट्यावर खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. मग घरातून गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. एवढ्या उन्हात वरच्यांना तहान लागते, ते त्या दिवशी येऊन पाणी पितात. निंबाकाका आजोबांचं नाव घ्यायचे, आजीचं घ्यायचे, लहानपणी गेलेल्या एका आत्याचं घ्यायचे. मग बोट थांबायचं. पंडित मेला असेल तर इतकी वर्षं तो तहानेला दाराशी येऊन उभा राहत असेल आणि त्याला कोणी बोलावत नसेल. जिवंत असेल तर त्याच्या नावानं घागर भरणं म्हणजे आपल्या हातानं त्याला मारणं. काका तबक खाली ठेवायचे आणि भिकुबाई आत निघून जायची.

या वर्षी उन्हाळा लागता लागता भिकुबाई तापानं फणफणली. तापात ती कोणाला तरी पाणी पाजायचं म्हणत राहिली. बरी झाल्यावर तिनं बाजारातून नवी घागर आणली आणि सुट्टीला आलेल्या दिपमालाला समोर बसवलं. तुझ्या कंपनीतलं यंत्र जमिनीच्या आतलं लोखंड ओळखतं, असं तूच सांगतेस. मग विहिरीत तुझ्या बापाची गाडी आहे की नाही, ते आखाजीच्या आत मला सांग.

“तो तठे शे का नही, एवढंच सांग,” भिकुबाई म्हणाली. “घागरनं मंग मी दखी लिसू.”

घागरीचं पुढे काय करायचं ते आई पाहून घेणार होती. दिपमालाला नाही म्हणता आलं असतं. यंत्र पाणी शोधायचं आहे, माणूस शोधायचं नाही, हे खरंच होतं. पण आई दर वर्षी आखाजीला आत जाऊन काय करते, ते तिनं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. आई काहीच करायची नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती उभी राहायची.

रोनकभाऊंना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. काय शोधायचंय आणि कशातून, एवढं विचारलं. लोखंड, खाली दोन पुरुष खोल, वर काळे दगड, असं ऐकल्यावर ते म्हणाले, दगडच घोळ घालतील. आपल्याकडचा काळा दगडही थोडा थोडा लोहचुंबकच असतो. मग दोघांनी बसून उपाय काढला. एका लांब प्लास्टिकच्या नळीच्या पुढच्या टोकाला दोन सेन्सर, एक खाली, एक हातभर वर. दोघांना वेगवेगळे डबे लावायचे नाहीत. एकाच डब्यातून निघालेला प्रवाह खालच्या सेन्सरमधून जाऊन मग वरच्या सेन्सरमधून जाईल, एका दोऱ्यात दोन मणी ओवल्यासारखा. आकडा दाखवायचा तो दोघांमधला फरक. दुपारी सगळी पृथ्वी सरकली तरी दोन्ही सेन्सर सारखे सरकणार, फरक शून्यच. खाली जवळ काही असेल तर मात्र ते खालच्याला जास्त जाणवेल. डबा नळीच्या मागच्या टोकाला, कायम तेवढ्याच अंतरावर. डब्याचे स्क्रू पितळी. तो डबा दिपमालानं स्वतः बनवला आणि तीन वेळा भट्टीतून काढला.

आखाजीला आठवडा उरला होता तेव्हा ती यंत्र घेऊन गावी उतरली. सकाळीच जाऊ, असं तिचं म्हणणं. भिकुबाई ऐकेना. सकाळी शेतात माणसं असतात, मग गावभर बोंब होणार. दुपारी गेलं तर तिकडे कोणी फिरकत नाही. निंबाकाकांनाही सांगायचं नाही.

घरातून निघण्यापूर्वी दिपमालानं आईला समोर उभं करून अंगावरचं लोखंडाचं सगळं उतरवायला लावलं. जोडवी चांदीची, ती चालतील. पोलक्याच्या हुकांच्या जागी दोरा बांधायला लावला. किल्ल्यांचा जुडगा देव्हाऱ्यात ठेवून घेतला. अंगावर अजून काही लोखंडाचं आहे का, असं तिनं दोनदा विचारलं. भिकुबाई नाही म्हणाली. म्हणताना ती दुसरीकडे पाहत होती, पण त्या वेळी दिपमाला नळीला केबल बांधत होती.

शेतात पोचल्या तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, जमीन भेगाळलेली. विहिरीची जागा लांबूनच ओळखू आली, कारण तिथे गवताची वाळलेली काडीसुद्धा नव्हती. ताटासारखा खोलगट भाग, मधे काळे दगड वर आलेले. तिथून चालताना पायाखाली दबका आवाज व्हायचा. वारा अजिबात नव्हता. लांब महामार्गावर ट्रक जात होते, ते दिसत होते, पण त्यांचा आवाज इथपर्यंत पोचत नव्हता.

मागे थांब, असं दिपमालानं आईला सांगितलं. भिकुबाईनं मान हलवली आणि दोन पावलं पुढेच जाऊन उभी राहिली, नळीच्या टोकाजवळ. जे काही समोर येईल ते आधी मला भेटू दे, असं काहीसं ती पुटपुटली. दिपमालानं वाद घातला नाही. नळी जमिनीपासून गुडघ्याएवढी वर धरून ती बांधापासून विहिरीकडे चालायला लागली. आई बाजूनं चालत होती, पदर डोक्यावरून ओढलेला, उजवा हात पदराआड.

विहीर अजून बरीच पुढे होती आणि आकडा चढायला लागला.

दिपमाला थांबली. आकडा थांबला. मग हळूच उतरला, परत चढला. ती पुन्हा चालली, तसा तो बरोबर आला. ज्या जमिनीत काही असायचं कारण नव्हतं, जिथे काका दर वर्षी नांगर घालतात, तिथेही तो आकडा तिच्या पावलाबरोबर पुढे सरकत होता. पुरलेली वस्तू अशी वागत नाही. पुरलेल्या वस्तूवरून पुढे गेलं की ती मागे राहते. ही मागे राहत नव्हती.

तिनं सगळ्यात आधी प्रवाहावर बोट ठेवलं. डब्यावर प्रवाह पाहायचं वेगळं बटण होतं. ते दाबलं. शेवटचा आकडासुद्धा जागचा हलला नव्हता. तिनं डब्याला हात लावून पाहिला, केबल चाचपली, परत बटण दाबलं. प्रवाह पाटीवर कोरल्यासारखा स्थिर. आजवर आकडा हलला की तिला एक आधार असायचा, की चूक आपल्या डब्यात असेल. आज डबा खरा होता. म्हणजे जे हलत होतं ते बाहेर होतं.

तिनं दिशा बदलली. विहिरीला वळसा घालून गेली. आकडा वळसा घालून आला. ती उभी राहिली. आकडा थोडा दूर गेला, थांबला, परत जवळ आला, जसं कोणी जमिनीखाली ताटकळत येरझारा घालतंय. सेन्सरच्या टोकाकडे पाहायची तिची हिंमत होईना. ती नुसती आकड्याकडे पाहत राहिली आणि तिला वाटलं, आता आवाज येईल. किक मारल्याचा.

आवाज आला तो आईच्या बांगड्यांचा. भिकुबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, आणि ती पुढे झुकली की आकडा चढत होता, मागे झाली की उतरत होता.

“माय,” दिपमाला म्हणाली. आकड्यावरून नजर उचलून तिनं विचारलं. “माय, तुना हातमा काय शे?”

भिकुबाईनं पदराआडचा हात बाहेर काढला. हातात विळा होता, निंदणीचा, धार पाजलेला.

“लोखंड जोडे ऱ्हायनं तर वारं लागत नही,” ती म्हणाली. “तुले काय व्हतं! तू चालनी हातमा प्लास्टिकनी नळी लिसन.”

दिपमालाला हसावं की रडावं कळेना. ती खाली बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. लोखंड जवळ असलं की बाधा होत नाही, म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली सुरी, नवऱ्या मुलाच्या हातात कट्यार, तशीच ही आई विळा घेऊन भुताच्या आणि पोरीच्या मधे चालत होती. आणि इतका वेळ पोर जिला भीत होती ती ही आईच होती. विळा दूर ठेवायला भिकुबाई कबूल होईना. शेवटी अशी तडजोड झाली, की तिनं विळ्यासकट बांधावरच्या कडुनिंबाखाली बसायचं आणि तिथून नजर हलवायची नाही.

मग दिपमालानं पहिल्यापासून सुरुवात केली.

बांधापासून विहिरीपर्यंत आकडा शून्यापाशी थिजलेला. विहिरीच्या काठावर आल्यावर तो काळ्या दगडांमुळे वेडावाकडा उड्या मारायला लागला, ते अपेक्षित होतं. तिनं शेताच्या कोपऱ्यातल्या तसल्याच दगडांच्या ढिगावर नळी फिरवून पाहिली. तिथेही उड्या होत्या, पण नुसत्याच. एक दगड इकडे खेचतो, दुसरा तिकडे, शेवटी हिशेब फिटतो. विहिरीवर तसं नव्हतं. उड्यांच्या खाली एक संथ चढ होता. उत्तरेच्या काठाकडून चढत जाणारा, मधे फुगणारा, पलीकडे उतरणारा. तिनं उभा फेरा मारला, आडवा मारला. नळी वर उचलून मारला, तेव्हा दगडांच्या उड्या विरून गेल्या आणि तो चढ तेवढा उरला, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. खाली, खोल, एकच मोठी लोखंडाची वस्तू होती. ती हलत नव्हती. आणि आता ती हलत नाही याचीच दिपमालाला भीती वाटली.

कडुनिंबाखाली येऊन तिनं आईला जे होतं ते सांगितलं. लोखंड आहे. माणूस आहे का, ते या यंत्राला कळत नाही.

भिकुबाईनं विळा मांडीवर घेतला, त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं की खणायला जेसीबी कोणाचा बोलवायचा.

आता काकांना सांगणं भाग होतं. निंबाकाकांनी आधी कपाळाला हात लावला. विहीर मी बुजवली, तिच्यातली मोटार आणि पाइप मी काढून घेतले होते, दगडमातीशिवाय आत काहीच टाकलं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय म्हणतोय ते: खालचं लोखंड त्यांनी टाकलेलं नव्हतं. त्यांनीच जाऊन पोलीस पाटलांना बोलावून आणलं. उद्या काही निघालं तर चार माणसांसमोर निघावं.

जेसीबीनं सकाळपासून दगड उपसले. बघायला निम्मं गाव जमलं, पण कोणी काठाजवळ येईना. उन्हं वर आली तेव्हा दगड संपून काळा, ओलसर गाळ लागला. त्याला वास होता. बकेट गाळात शिरली आणि धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला. माणसं आपोआप मागे सरली. आधी गंजलेलं हँडल वर आलं, मग टाकी, मग सगळी मोटारसायकल, गाळ ओघळत, लोंबकळत. चालकानं ती भिकुबाईच्या समोरच अलगद खाली ठेवली, जणू ती तिनं मागवली होती.

मग पाटलांनी पुढे खणायला सांगितलं. बकेट खाली जात राहिली, वर येत राहिली. प्रत्येक वेळी गाळ पसरून काठीनं उकरून पाहिला. वासराची हाडं सापडली, ती निंबाकाकांनी कोवळ्या शिंगांवरून ओळखली. फुटकी घागर निघाली, चामड्याची मोट निघाली, आजोबांच्या काळातली. शेवटी बकेट अखंड खडकावर खरडली. माणूस नव्हता.

गर्दीतून कुजबुज उठली. मग तो गेला कुठे, असं कोणी म्हटलं नाही, पण प्रत्येकजण ते ऐकल्यासारखा उभा होता. दिपमाला मोटारसायकलपाशी बसली. बादलीनं पाणी ओतून तिनं गाळ धुवायला सुरुवात केली, कारण दुसरं काही करायला नव्हतं. मागचा भाग धुतला आणि तिचा हात थांबला. नंबरची पाटी नव्हती. तुटली नव्हती, गंजून गळालीही नव्हती. पाटी जिथे बसवतात त्या पट्टीच्या भोकांमध्ये दोन्ही बोल्ट होते, त्यांच्यावर वॉशर, वॉशरवर नट, घट्ट पिळलेले. पुढची पाटीही नव्हती. पुढेही तसंच.

तिनं वर पाहिलं. आई मागेच उभी होती. ती वाकली, नटावर बोट ठेवलं. मोटार उघडली की सुटलेला प्रत्येक नट लगेच त्याच्याच बोल्टवर परत फिरवून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही, ही पंडितची सवय होती. घरात बरणीचं झाकणसुद्धा त्यानं कधी उघडं टाकलं नाही. इथे काठावर बसून त्यानं पान्यानं पाट्या सोडवल्या होत्या, नट जागच्या जागी बसवले होते, घाई केली नव्हती. मग गाडी ढकलून दिली आणि पाट्या घेऊन चालत गेला. जिथे कुठे गेला तिथे.

“मरेल मानूस पाटी सोडस का?” भिकुबाईनं कोणाकडेच न पाहता विचारलं, आणि उठून घराकडे चालायला लागली.

आखाजीच्या दिवशी सकाळी निंबाकाका आले तेव्हा घागर भरून तयार होती. एक नाही, दोन. एक नेहमीची, थोरांची. दुसरी नवी, लाल, अंगावर पाणी पाझरून ओली झालेली. दोन्हींवर लोटा, दोन्हींवर खरबूज आणि आंबे. काकांनी दुसऱ्या घागरीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“भिकुबाई, जित्ता मानूसनी घागर कोनी भरस का?”

ते फार बोलले. सगळ्या गावानं पाहिलं की पंडित विहिरीत नाही, म्हणजे तो आहे, कुठेतरी आहे. सुरतेत असेल, कुठेही असेल. उद्या परत येईल. आपण नाव घेतलं तर ते त्याला लागेल. मी माझ्या भावाचं नाव घेणार नाही, माझ्या हातून ते होणार नाही. शेवटी त्यांना दम लागला. भिकुबाई ऐकत होती, चुलीवरच्या कढईत सांजोरी उलटत. तिचं सगळं ऐकून झालं तेव्हा तिनं कढई उतरवली.

“भरसू,” ती म्हणाली. “इतला दिन माहीत नव्हतं म्हनीसन नही भरी. आते तर भरसूच.”

दिपमाला दारात उभी होती. आईला अडवावं असं तिच्या मनात आलं, आणि कशाच्या आधारे अडवायचं ते सुचेना. तिनं शोधून दिलेलं उत्तर खरं होतं. तिला वाटलं होतं, उत्तर मिळालं की आईच्या खांद्यावरून काहीतरी उतरेल. आईचे खांदे आज खरंच ताठ होते, आणि तेच तिला पाहवेना.

काकांनी थोरांची नावं घेतली. आजोबांच्या नावाचं बोट उंबरठ्यावर उमटलं, आजीचं, आत्याचं. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि ते दोन पावलं मागे सरले. शेजारच्या दोन बाया दाराशी आल्या होत्या. भिकुबाईच्या कपाळावर कुंकू होतं, नेहमीसारखं कपाळभर. ते तिनं पुसलं नव्हतं आणि पुसायला कोणी सांगायची छाती केली नाही. ती उंबरठ्यापाशी बसली. तबकातल्या कुंकवात तिनं बोट बुडवलं.

नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं तेव्हासुद्धा काकांनी सांगितलं होतं. पण घागर नाव घेतल्याशिवाय भरत नाही.

“पंडित,” भिकुबाई म्हणाली.

ती ओरडली नाही, रडली नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला जेवायला बोलवावं, तसं तिनं साध्या आवाजात म्हटलं, आणि उंबरठ्यावर बोट ओढलं. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या रस्त्यावर कोणीही नव्हतं. तरी निंबाकाकांनी, शेजारच्या बायांनी, दिपमालानं, सगळ्यांनी मान वळवून दाराबाहेर पाहिलं, आणि दारातली दिपमाला नकळत बाजूला सरकली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी.